ठकीसाठी एक दुःख

१२ तारीख, दुपार

पोचलो एकदाचा! ताई फोनवर म्हणाली होती, भिंगरी, बास झालं गावोगाव भटकणं, इकडे ये, काम लावून देते. काम झकास आहे: ठकीच्या शोमध्ये दिवे उचलायचे, वर चढून बांधायचे. ठकी माझी भाची, वय सहा, टीव्हीवरच्या सौंदर्यस्पर्धेत निवडलेली. मुली आणि त्यांच्या आया स्टुडिओच्या वरच्या मजल्यांवर राहतात. मला जिन्याखालची खोली. खिडकी नाही, पण गादी जाड. (मागे एका बोटीला रंग मारायचो, तिथे गादीच नव्हती. बोटीचं नंतर लिहीन.) ठकीने गळ्यात उडी मारली आणि लगेच म्हणाली, हळू रे मामा, केस विस्कटतील.

१४ तारीख

ठकीच्या पापण्या खोट्या, दातही खोटे. पुढचे दोन पडलेत म्हणून कवळी! मी म्हटलं, काय आजीबाई, सुपारी कातरून देऊ का? तर रुसली.

मतांत मात्र ती सगळ्यात खाली. शनिवारी शेवटची मुलगी घरी जाणार. ताईच्या घशाखाली घास उतरत नाही. इथे एक गोष्टवाल्या मॅडम आहेत, मुलींच्या घरच्या कहाण्या टीव्हीसाठी रंगवणं हे त्यांचं काम. त्यांचं म्हणणं, ठकी गोड आहे, पण तिच्या घरात काही वाईट घडलेलंच नाही. कुरळ्या केसांच्या मुलीचा बाप वारलाय, तिला बदाबदा मतं पडतात. मी म्हटलं, आमच्या ठकीचा बाप पळून गेलाय, चालेल का? मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, लोकांना भांडण नको, शोक हवा.

१६ तारीख

मागच्या खोलीत शूटिंग. वायर मीच ओढून दिली, मग मला बाहेर काढलं. फटीतून पाहिलं. मेणबत्ती, फोटोची चौकट, चौकटीची पाठ माझ्याकडे. ताई आणि ठकी रडतायत. मॅडम सांगतायत, अजून आतून येऊ द्या. ताईने पुन्हा केलं. दर खेपेला जास्त चांगलं.

नंतर विचारलं तर म्हणाली, अरे, जिंकल्याचं, हरल्याचं, सगळं आधीच घेऊन ठेवतात. खरंय, घेतात. पण हरल्यावर मेणबत्ती कशाला?

रात्री ताईने स्वतः माझं ताट वाढलं. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

१७ तारीख

ठकीला विचारलं, कोणासाठी रडलीस गं? सांगायचं नाही म्हणे. मग जवळ आली, हळूच विचारलं, मामा, तुला दुखणार नाही ना?

शनिवार

कॅन्टीनच्या टीव्हीवर — चौकटीत मी. माझाच फोटो. ठकी सांगतेय, मामा दिवे बांधताना वरून पडला. ताईचा हात तिच्या खांद्यावर. अख्खं कॅन्टीन रडतंय. चहावाल्याने कप पुढे केला, माझं तोंड बघितलं, कप हातातून सुटला.

ठकी पहिली आली.

शनिवार, संध्याकाळी

ताईला गाठलं. वाटलं, म्हणेल टीव्हीची थाप आहे रे, हसून सोडून दे. म्हणाली, तुझं काय, आज इथे उद्या तिथे, तुझी कोण वाट बघतंय? तिचं अख्खं आयुष्य पडलंय.

माझी सख्खी ताई.

म्हटलं, निघून जातो, पुन्हा तोंड दाखवणार नाही. ताईने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, आणि उद्या कुठेतरी कोणी ओळखलं तर?

फाटकावर अडवलं. रखवालदाराचे डोळे रडून लाल. म्हणतो, तो पोरगा तर मेला, तुम्ही कोण?

रविवार

आतून कडी लावलीय. बाहेर ताई. आवाज मधासारखा — वर एक दिवा सैल झालाय, तेवढा बांधून दे, मग सोडतात तुला —

फटीतून दिसतंय, तिच्या मागे माणसं आहेत.

आता ठकीला पुढे केलंय. म्हणतेय, मामा, तू दिसलास तर सगळे मला खोटारडी म्हणतील. ये ना. मी डोळे मिटून घेईन, वर बघणार नाही, शप्पत —

नाही उघडणार. नाही —

रडायला लागलीय. खरं की शिकवलेलं, कळत नाही. ती दाराला डोकं लावून — ठके, थांब, रडू नको, मी —