लेडी मॉर्फावरच्या विनीचं नाव

मी, ग्वेन प्रिदर्च, वय वर्षे बाहत्तर, राहणार होलीहेड, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. शाळा तीनच वर्षं झाली. चुका वकिलाने सुधारू नयेत.

१. मुलगा आयव्हर याला तवा द्यावा. त्याने माझ्यावर हात उगारला तेव्हा हाच तवा माझ्या हातात होता. ओळखेल.

२. "लेडी मॉर्फा" या आगबोटीवर मी एकवीस वर्षं प्रवाशांच्या ओकारीची भांडी धुतली. युद्धात तिला राखाडी रंग फासून जखमी सैनिक आणायला जुंपलं. मांसात रुतलेले बूट ज्या कात्रीने कापले, ती नात मेअरीला. धार अजून आहे.

३. माझी धाकटी बहीण विनी रोलंड्स त्याच जहाजावर होती. १९१७ साली टॉर्पेडो लागला. बुडू नये म्हणून कप्तान जहाज वाळूवर चढवायला पुढे दामटत होता. आम्हा नोकरांचा मुकादम इद्रिस पारी म्हणाला, "जीवरक्षक होडी सोडा."

विनी म्हणाली, "अहो साहेब, खाली जहाजाचा पंखा अजून पाणी कापतोय. जहाज थांबू द्या."

"तुला कोणी विचारलं? बस आत."

बसली. होडी पाण्याला टेकली, मागे ओढली गेली आणि पंख्याने अठरा माणसांसकट चिरली. मला विनीचा हात मिळाला. बाहीचं बटण मीच शिवलेलं. जहाज बुडालंच नाही. डागडुजी करून पुढे सतरा वर्षं सहलीची माणसं नेत होतं, आणि मी त्यावर चहा देत होते.

४. चौकशीत पारीने सांगितलं, विनी घाबरून किंचाळली, म्हणून होडी सुटली. आदल्या दिवशी मला म्हणाला, "मेलेलीला नोकरी लागत नाही, ग्वेन. तुला पोर आहे." मी चौकशीत "होय" म्हटलं. म्हणून बंदरावरच्या स्मारकाच्या दगडावर सतराच नावं आहेत, विनीचं नाही. अठरावं कोरल्याशिवाय मेअरीला घराची किल्ली देऊ नये.

५. पारीला काही ठेवलेलं नाही. मृत्युपत्रावर साक्षीची सही करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही, असं वकील सांगतो. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, माझी सही तेवढी बघायची. मी मेले की मात्र हा कागद सरकारी कचेरीत कोणालाही वाचता येतो. पारी आज चहाला येतोय. विचारेल, "काय लिहिलंयस गं म्हातारे?" मी सांगेन, "तुमचं नाव आहे त्यात." खूश होईल.

होलीहेड, गुरुवार, १५ मार्च १९६२

सही : ग्वेन प्रिदर्च

समक्ष सही पाहिली :
नेस्टा हम्फ्रीज, शेजारीण
इद्रिस पारी, निवृत्त मुकादम, लेडी मॉर्फा