घरच्याची सही

कोपर, डोंबिवली पश्चिम
९ फेब्रुवारी

चि. साईनाथ,

आशीर्वाद. मी बरी आहे, म्हणजे उभी आहे. सान्वीबाळाची सर्दी गेली का? फोनवर मी तोंड उघडलं की तू ठेवतोस, म्हणून लिहिते. कागदाला उलट बोलता येत नाही.

खालची दाढ सडलीय. गाल सुजलाय, नुसत्या पेजेवर आहे. दातांची डॉक्टरीण अमृता, चांगली पोर आहे. तिने सुई काढली नि मी खुर्चीवरून उतरून थेट जिन्यात. दोनदा. मग म्हणाली, "आजी, गुंगीचं औषध देऊ. पूर्ण बेशुद्ध नाही करणार. श्वास तुमचा तुम्ही घ्याल, हाक मारली की ओ द्याल. बोटाला श्वास बघायचा चिमटा लावून भूलवाले डॉक्टर शेजारीच बसतील." फक्त उपाशीपोटी यायचं, नि घरचं माणूस हवं. रात्रभर लक्ष ठेवणारं.

घरचं माणूस कुठून आणू? रिक्षावाल्या नाथाला नेलं, सांगितलं भाचा आहे. भूलवाल्याने त्याला विचारलं, "मावशींना गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

मेला म्हणतो, "बोलायची असेल. गप्प कुठे बसतात!"

सगळे हसले नि भाचा खोटा म्हणून मला घरी पाठवलं.

झोपेची गोळी घेते ते मी लपवलेलं, निघताना कबूल केलं. डॉक्टर चिडला. म्हणाला, त्या गोळीवर गुंगीचं औषध पडलं तर श्वास अडकतो, असलं लपवायचं नसतं. कधीपासून घेता, विचारलं. म्हटलं, मालक गेल्यापासून.

तुझा बापूस हर्नियाच्या ऑपरेशनला आत गेला तो चालत. "बोंबील करून ठेव," म्हणाला. सही तू केलेलीस. तो भुलीतून उठलाच नाही. नंतर चार लोकांत मी तुला जे बोलले ते बोलले. बोललेलं गिळता येत नाही. मला तर आता पेजही गिळवत नाही.

गुरुवारी सकाळी बोलावलंय. दाढ राहिली तर विष गळ्यात उतरेल म्हणतात. कागदावर माझी सही मी करीन, खाली घरच्याची लागते. शेजारची प्रियांका करते म्हणाली. मी नको म्हटलं.

तू ये. सही तू कर. मी उठले नाही तर तुला कोणी काही बोलणार नाही. बोलणारी मीच होते.

तुझी आई,
भागीरथी