रिकाम्या घराला ‘येते’

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, संध्याकाळ

आज एकटीच इथल्या उघड्यावरच्या संग्रहालयात गेले. माळव्यातली जुनी घरं गावांतून उचलून तिथे पुन्हा उभी केली आहेत. एका मातीच्या घराच्या ओट्यावर बराच वेळ बसले. निघताना आत बघून सवयीनं म्हटलं, “येते.”

चौकीदार काका दचकले. “कौन आ रहा है, मॅडम? बंद करने का टैम हो गया.”

“कोई नहीं, काका. हम मराठी लोग जाते समय यही बोलते हैं.”

“जा रहे हो और बोलते हो आ रहे हैं?” ते हसले. “और खाली घर में सुनेगा कौन?”

सवयीनं म्हणे! आई गेल्यापासून स्वतःच्या घराला कुलूप लावताना हा शब्द एकदाही तोंडातून निघालेला नाही. ऐकणारं कोणी नाही म्हणून. मग तिथे कसा निघाला? तिथे तरी कोण होतं?

फाटकाबाहेर पडले, तर काका मागून ओरडले, “तो फिर आइए!”

माझ्या ‘येते’वर आई असंच म्हणायची. “ये हं.”

ऑटोवाल्यानं कुठे जायचं विचारलं. घराचा पत्ता सांगायला मला जरा वेळच लागला.