जीपचं छप्पर

प्रणीत,

जीपची किल्ली शोधू नकोस, मी सोबत नेली आहे. काल आर्याला घेऊन येलहंक्याहून येताना फ्लायओव्हरवर तू बनवलेलं फायबरचं छप्पर वाऱ्याने मागून उचललं गेलं. मागे बसलेल्या तिला हसू आलं. गाडी कडेला घेऊन पाहिलं, तर मागचे दोन्ही बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होते.

नोकरी गेल्यापासून काल पहिल्यांदा तू पोटभर जेवलास, म्हणून तुला रात्री हे सांगितलं नाही. पण आर्याला घेऊन तू आज याच जीपने कूर्गला निघणार होतास, म्हणून किल्ली उचलली. संध्याकाळी मिळून छप्पर उतरवू आणि चामराजपेटच्या गॅरेजमध्ये दाखवू.

आर्याला आईकडे नेतेय. तिला सांगितलंय, बाबाच म्हणाले, अजून थोडं काम बाकी आहे.

आश्लेषा