राक्षसाची बटणं

रविवार, २ मार्च. संध्याकाळ.
आणि सगळ्यांत आधी कोण टपकावं, तर बसवाला! चारची वेळ दिली होती, हा साडेतीनला दारात. हा चालवतो ती बस म्हणे कधी वेळेवर येत नाही. मग त्या दोघी बहिणी. धाकटीने केस कापलेत, बरी दिसते, थोरलीला पटलेलं नाही. शेवटी चष्मेवाला, नेहमीसारखा धापा टाकत. सगळे माझ्या नातीचे दोस्त. घर कसं भरून गेलं!

नातीने दोन वर्षं खपून खेळ बनवलाय. प्रत्येकाने एक वीर व्हायचं आणि फासे टाकून राक्षसाशी लढायचं. राक्षसाचा जीव माझ्याकडे. माझ्या बटणांच्या भरलेल्या डब्यातली शहाण्णव बटणं वाडग्यात, घाव बसला की तेवढी काढायची. शर्टांच्या कारखान्यात एकवीस वर्षं बटणं लावली मी, शाळा चौथीतच सुटली तरी मोजण्यात माझा हात कोण धरणार? नात सगळ्यांना सांगते, आजीचं मोजणं चुकत नाही.

चौघांचे मिळून एका फेरीत सरासरी सोळा बटणांचे घाव. म्हणजे सहा फेऱ्यांत राक्षस खलास. वीर दमले पाहिजेत, एखादा पडलाही पाहिजे, पण शेवटी जिंकले पाहिजेत. याला ती बॅलन्स म्हणते.

आज पाचव्या फेरीत बसवाल्याचा वीर, वैद्य, मेला. एवढा दांडगा माणूस, पण ओठ काढून बसला. मी मनात म्हटलं, हा आता कसला येतोय परत! हळूहळू सगळेच यायचे बंद होतील. मग रविवारी मी आणि भिंतीवरचं घड्याळ. चार बटणं जास्त उचलली आणि स्वेटरच्या खिशात टाकली. चारच.

रविवार, ९ मार्च.
आज बत्तीस उचलली.
पण वैद्य वाचला. बसवाल्याने उठून माझा हात हातात घेतला. लढाई चौथ्याच फेरीत संपली. नात नखं खात बसली, म्हणाली, फारच सोपं झालं. सगळे गेल्यावर बटणं डब्यात परत टाकली. त्यामुळे याला चोरी म्हणता येत नाही. शिवाय डबा माझा, बटणंही माझीच.

मंगळवार, ११ मार्च.
नातीने रात्रंदिवस वही धरलीय. तलवारीचे घाव तपासले. एकेक फासा शंभर वेळा टाकून पाहिला, लबाड आहे की काय म्हणून. विचारलं, आणि मोजण्यात काही चुकलं असेल तर? ती हसली. म्हणाली, आजी, सगळ्यावर संशय घेईन, तुझ्यावर नाही.
जेवण गेलं नाही. पित्त असेल.

शुक्रवार, १४ मार्च.
नातीने राक्षसाचा जीव वाढवला, आता एकशे चव्वेचाळीस. ठराव: रविवारी एकही बटण इकडचं तिकडे करायचं नाही. खिसाच शिवून टाकते.

रविवार, १६ मार्च. सातला.
खिसा शिवायचा राहिला. सुई सापडली नाही. म्हणजे सापडली, पण तोवर बसवाला आला होता.

चौथ्या फेरीत वैद्याचे तीनच प्राण उरले. थोरली बहीण रडकुंडीला आली. नऊ फेऱ्या कोण जगणार? एवढी माणसं डोळ्यांदेखत मरू द्यायची? अठ्ठेचाळीस घेतली. बरोबर सहाव्या फेरीत राक्षस पडला! नात खुर्चीवर चढून नाचली. म्हणाली, जमलं, बॅलन्स जमलं. बुधवारी खेळांच्या दुकानातल्या बाईंसमोर खेळणार. बाईंना पटलं तर खेळ छापून दुकानात ठेवतील.
आता कसं सांगू? आनंदावर पाणी पडेल. उद्या सांगते.

सोमवार, १७ मार्च.
नात कामावर. राहिलं.

मंगळवार, १८ मार्च.
सांगायला गेले आणि तिला म्हटलं, केसांना तेल लाव.

बुधवार, १९ मार्च.
मी येते म्हटलं. नाही नेलं, दुकानाचा जिना अरुंद आहे आणि माझे गुडघे हे असे. बटणं तेवढी डब्यातून मोजून दिली. एकशे चव्वेचाळीस, एकही कमी नाही.

सहाला आली. चपलाही काढल्या नाहीत, तशीच बसली. आठव्या फेरीत चौघेही मेले. बाई म्हणाल्या, हा राक्षस आहे की भिंत? नात म्हणाली, दोन वर्षं वाया गेली, मला गणितच येत नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच हाताने. म्हटलं, दुकानातली हवाच वाईट असेल.

गुरुवार, २० मार्च.
स्वेटर धुवायला तिने घेतला. मशीन खडखडू लागलं. उघडून पाहते तर अकरा बटणं. रविवारी घाईत डब्यात टाकायची राहिली होती.

ती ओल्या मुठीत बटणं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मग मीच सगळं सांगितलं, अगदी पहिल्या चारांपासून. ती म्हणाली, मी फाशांवर शंका घेतली ग. स्वतःवर घेतली.
मी तिच्या मुठीतली बटणं घेऊन एकेक पुसत बसले.

शुक्रवार, २१ मार्च.
नातीने वहीतलं शहाण्णवचं जुनं पान पुन्हा काढलं. पहिल्यापासून तेच बरोबर होतं म्हणे. बाईंना फोन करून खरं सांगितलं. बाई इतक्या हसल्या की मला लांबून ऐकू आलं. म्हणाल्या, या आजींना बघायलाच हवं.

बसवाल्याला मीच फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, बुधवारच्या मरणासारखी मजा आजवर आली नाही. डेपोत सगळ्यांना सांगितलं. जिंकायचो तेव्हा कंटाळा यायचा, फक्त तुमच्या आग्रहाखातर यायचो.
म्हणजे मी कोणासाठी एवढं केलं?

आता बटणं काचेच्या बरणीत, टेबलाच्या मधोमध. मी काढायची, चष्मेवाला पुन्हा मोजणार. मला बिनखिशाचा स्वेटर घालायला सांगितलंय. निळा आहे तसा. बाह्या जरा सैल आहेत त्याच्या, पण ते आत्ता कशाला.

सगळे येतो म्हणालेत. बाईसुद्धा. रविवारी, चार वाजता.