निळ्याखालचा हिरवा

रविवार, दिवेलागण

एवढी घाई कशाची झाली होती मला?

रश्मीनं डब्लिनमधल्या मॉडेल रेल्वेच्या दुकानातून माझ्या संग्रहासाठी पाठवलेली हिरवी गाडी परवा आली आणि आज दुपारी मी ती निळी करून मोकळा झालो. आजवर हेच करत आलोय. आपल्या गाड्यांची मॉडेलं सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून परदेशी मागवायची आणि आपल्या रंगात रंगवायची. ब्रश उचलला तेव्हा ही म्हणाली होती, "अहो, लेकीला विचारा तरी." मी म्हणालो, "तिला काय कळतंय त्यातलं?"

संध्याकाळी रश्मीचा व्हिडिओ कॉल आला. "पप्पा, बघितली का गाडी? मी रोज ऑफिसला जाते ना, तीच आहे ही. दुकानात दिसली अन् लगेच घेतली. दारालगतच्या खिडकीत बसते मी."

"लई भारी आहे," म्हणालो. तिनं दाखवा म्हटलं, तर रेंजचं कारण सांगून फोन ठेवला. हसलीही असती कदाचित. पण मला दाखवता येईना.

लहान होती तेव्हा दौलताबादच्या फाटकावर गाडी आली की खिडकीतल्या अनोळखी माणसांना हात करायची. आता ती स्वतः खिडकीत बसते, हे मला पाठवलं होतं तिनं.

आत्ता थिनरचा बोळा घेऊन दारालगतच्या खिडकीखाली हलक्या हातानं पुसलं. निळा निघाला. त्याच्यासोबत हिरवाही निघाला. खाली नुसतं पांढरं प्लास्टिक.