फोनवरच्या बाई आणि नऊ मिनिटं

प्रिय छोटी,

आधीच सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. तुझा दादा आता बरा आहे. हॉस्पिटलच्या खाटेवर बसून नर्सबाईंच्या रजिस्टरची शिवण किती कच्ची आहे, यावर व्याख्यान देतोय.

मागच्या मंगळवारी सकाळी बाइंडिंगच्या कारखान्यात आम्ही दोघंच होतो. मी पुठ्ठ्यांना खळ लावत होते, तो कागद कापत होता. छातीत जळजळतंय म्हणाला आणि धाडकन खाली कोसळला. हाका मारल्या, गदागदा हलवलं, पण हूं नाही की चूं नाही. खळीच्याच बोटांनी रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी पत्ता घेतला, गाडी निघाली म्हणाल्या आणि विचारलं, श्वास चालू आहे का? मी म्हटलं, हो, घोरतोय. "नीट श्वास की मधूनच आचके?" आचकेच होते गं. "तो श्वास नव्हे, ताई. फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवा. मी सांगते तसं करा."

त्याला उताणा केला. छातीच्या मधोमध एक तळवा, त्यावर दुसरा, कोपरं ताठ. दोन इंच खाली जाईल इतकं जोरात दाबायचं, छाती वर येऊ द्यायची, लगेच पुन्हा दाबायचं. "त्यांना दुखेल हो," मी रडत म्हणाले. "दुखू दे. थांबू नका. माझ्याबरोबर मोठ्याने मोजा." मग आम्ही दोघी मोजत सुटलो. मध्येच काहीतरी कटकन मोडलं. मी किंचाळले. "बरगडी असेल. ती जुळते, ताई. दाबा!" हात भरून आले, घाम डोळ्यांत गेला, पण बाईंचा आवाज काही ढळला नाही. नऊ मिनिटं! मग गाडीतली माणसं आली, पट्ट्या चिकटवून त्यांनी झटका दिला, आणि यंत्रावर ठोके उमटले. मी फोनकडे तोंड करून ओरडले, "चालू झालं!" बाई हसल्या की रडल्या, मला अजून कळलेलं नाही.

शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय, तर "खळीवर झाकण ठेवलंस का?" दोन बरगड्या मोडल्यात, म्हणून हसला की कळवळतो, आणि मी मुद्दाम हसवते. चार वर्षांत आम्ही इतकं हसलो नव्हतो. चार वर्षं कुठून मोजते आहे, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या नवऱ्याला तो सगळ्यांसमोर आळशी म्हणाला आणि तू बॅग उचलून निघून गेलीस. नंतर त्याने तुझं नाव काढलं नाही. पण दारात रिक्षा थांबली की मान आधी त्याचीच वर व्हायची.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार घराण्यात असू शकतो. सख्ख्या भावंडांनी वेळेत तपासून घ्यावं. तुझ्या दादाने लगेच कागद-पेन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "छोटी आपला फोन उचलत नाही, तिला पत्र लिही. मी चुकलो म्हणून लिही. नको, ते मी मेहुण्यांना तोंडावर सांगेन. आधी तपासणीचं लिही." सोळा तारखेची सकाळी दहाची वेळ त्याने मला न विचारताच तुझ्या नावाने घेऊन टाकली आहे. दोघंही या. नाही आलीस, तर हा माणूस मोडक्या बरगड्यांनिशी तुझ्या दारात येऊन उभा राहील, आणि मी त्याला अजिबात अडवणार नाही.

तुझीच,
वहिनी